पुढची खोली जेवायची

जेवायला वेगळी खोली हवी, असं मी म्हटलं की लोक माझ्याकडे जरा दयेनं बघतात. आजकाल कोण बसतं तिथं? ताट घ्यावं, सोफ्यावर टेकावं, टीव्ही बघत दोन घास खावेत, झालं. मी ऐकून घेते. मग सांगते की आमचं भिलाईतलं क्वार्टर दोन खोल्यांचं होतं, माणसं सहा होती, आणि त्यातली एक खोली, तीही पुढची, फक्त जेवायची होती.

बाबा तिथल्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. आई घरी शिवणकाम करायची. आजी, म्हणजे बाबांची आई, भंडाऱ्याकडच्या गावातून आमच्याकडे राहायला आली होती. ताई, मी आणि धाकटा भाऊ अशी तीन मुलं. बाकी क्वार्टरांत पुढच्या खोलीत लोखंडी पलंग, दोन खुर्च्या, कोपऱ्यात रेडिओ असायचा. आमचीही तशीच होती, मी नऊ वर्षांची होईपर्यंत.

त्या वर्षी आईला मोठ्या साहेबांच्या बंगल्यांकडून एक काम आलं. पडदे शिवायचे होते. माप घ्यायला ती मला सोबत घेऊन गेली. बंगल्यातल्या बाई मराठी निघाल्या, नागपूरकडच्या. आईचं बोलणं ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. इतक्या दूर आपल्या बोलीचं माणूस भेटलं म्हणून त्यांनी आम्हाला थेट आत नेलं. पडदे जेवायच्या खोलीचे होते. मी तशी खोली पहिल्यांदाच पाहिली. मधोमध लांब टेबल, आठ खुर्च्या, काचेच्या भांड्यात खोटी सफरचंदं. मी एका खुर्चीवर बसले आणि पाय हलवू लागले.

आई खिडकीचं माप घेत होती आणि बाई विचारत होत्या. गाव कोणतं? गावात घर कोणत्या बाजूला? मग आडनाव. आईनं आडनाव सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत हे त्यातून कळायचं ते कळलं. बाईंचा आवाज बदलला नाही. हसूही तसंच राहिलं. फक्त त्या मला म्हणाल्या, "बेटा, तिथं नको बसू, खुर्ची नवीन आहे." मग चहा आला तो मागच्या व्हरांड्यात, स्टीलच्या दोन पेल्यांत, आणि सोबत निरोप आला की पिऊन झाल्यावर पेले नळावर घासून तिथंच पालथे घाला.

आईनं चहा प्यायला नाही. मलाही पिऊ दिला नाही. पेले भरलेलेच ठेवून, टेप गुंडाळून ती उठली. परतताना ती भराभर चालत होती. मीच विचारलं, "आई, त्याईनं आपल्याले बाहेर कावून बसवलं?"

"त्याईची खोली लहान हाय," आई म्हणाली.

मला ते पटलं नाही. एवढी मोठी खोली मी डोळ्यांनी पाहिली होती.

पडदे तिनं शिवून दिले. बाबा म्हणाले, कापड परत करून टाक. आई म्हणाली, "माह्यं काम मी खोटं कावून करू?" आठ दिवस मशीन चालली. पडदे इतके नेटके झाले की आजी त्यावरून हात फिरवत बसायची. ज्या दिवशी ते पोचते केले, त्या दिवशी आईनं बाबांना सांगितलं, "अजी, आपल्याले एक टेबल पाह्यजे. जेवाचं."

"ठेवाचं कुठं?"

"पुढच्या खोलीत."

"अन् पलंग?"

"पलंग आतमंदी. नाई मावला तर इकून टाका."

बाबा हसले. मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि हसायचे थांबले. पुढच्या सुट्टीला ते सुपेल्याच्या बाजारात गेले. तिथल्या कबाड्यांकडे, म्हणजे भंगारवाल्यांकडे, प्लांटसाठी रशियातून आलेल्या मशीनींच्या पेट्यांचं लाकूड मिळायचं, पांढरट, हलकं, खिळ्यांच्या भोकांचं. एका सुतारानं त्यातून टेबल जोडून दिलं. आठ माणसं बसतील एवढं लांब, दोन्ही बाजूंना बाकं, दोन्ही टोकांना एकेक खुर्ची. वरून रंधा मारला होता, पण खालून फळ्या तशाच होत्या, काळ्या रशियन अक्षरांच्या. टेबलानं खोली एवढी भरली की भिंतीला घासून चालावं लागायचं. थंडीत ताई आणि मी टेबलाखालीच गादी टाकून झोपायचो.

आईनं एकच नियम केला. दिवसातून एक जेवण सगळ्यांनी संगं जेवायचं. बाबांच्या शिफ्टप्रमाणे ते कधी दुपारचं असेल, कधी संध्याकाळचं. पोळ्या आधीच करून डब्यात ठेवायच्या, भाजी आणि वरणाची भांडी टेबलावर आणायची, आणि आईसकट सगळ्यांनी बसायचं. कुणी कुणाला वाढायला उभं राहायचं नाही.

आजीला हे सहन होईना. "माणूस प्लांटातून तपून येते, अन् तू त्याले थंडी पोळी देतं?"

"थंडी तर थंडी. मीबी तीच खाऊन राहिली ना, आत्याबाई."

आजी स्वतः टेबलाला बसली नाही. तिला आईनं आग्रहही केला नाही. टेबलाजवळ पाट मांडून तिचं ताट तिथं ठेवायचं, एवढंच. "मले जमिनीवरच गोड लागते," आजी म्हणायची. पण आमच्यासोबत तिनं कधी घास घेतला नाही. आम्ही हात धुवायला उठलो की मग ती ताट पुढे ओढायची.

शेजारी हसायचे. डावीकडच्या तेलुगू अम्मा विचारायच्या, "क्या जी, तुम्हारे घर में रोज पार्टी होती है क्या?" बाबांच्या क्रेनवरचे सोबती यायचे तेव्हा बसायला पलंग नाही म्हणून बाकावर बसत आणि हॉटेलात ऑर्डर दिल्यासारखं चहा मागत. काही वर्षांनी आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत घरोघरी टीव्ही आला. भावानं रडून घर डोक्यावर घेतलं. आईनं टीव्ही घेऊ दिला, पण तो आतल्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी. "पुढची खोली जेवाची हाय," ती म्हणाली. जेवताना टीव्ही बंद. भाऊ चिडून म्हणाला, "पूरी लाइन में हमारा ही घर ऐसा है." आई म्हणाली, "हो. आपलंच."

ताईला पाहायला पाहुणे आले तेव्हा ती बावीस वर्षांची होती. मुलगा रेल्वेत होता. आमच्यातलाच, गोंदियाकडचा. दिसायला चांगला, बोलायला हळू. ताईला तो फोटोतच आवडला होता, हे मला माहीत होतं. मुलगा, त्याचे आईवडील, एक काका, एक मावशी असे पाच जण आले. मुलाचे वडील वस्तीत भाषणं करणारे होते. बाकावर बसल्या बसल्या ते अर्धा तास समतेवर बोलले आणि खरंच चांगलं बोलले. बाबा मान डोलवत राहिले. मीही भारावून गेले होते.

आईनं पाटवड्यांचा रस्सा केला होता, वडाभात केला होता, वांग्याची भाजी केली होती. तिनं टेबलावर आठ ताटं मांडली. पाच पाहुण्यांची, बाबांची, ताईची आणि स्वतःची. भाऊ, मी आणि आजी खाली पाटावर, त्याच खोलीत, त्याच वेळी. मुलाच्या वडिलांनी ताटं मोजली आणि म्हणाले, "वहिनी, आमचं पुरुषांचं होऊन जाऊ द्या. बायका मागून बसतील."

मुलाची आई तोवर पदर सावरून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलीसुद्धा होती.

आई म्हणाली, "भाऊजी, आमच्या घरी सगळे संगंच बसतात."

"ते रोजचं झालं. आज पाहुणे आहेत."

"पाहुणे हायत म्हणूनच पहाटंच टेबल पुसलं," आई म्हणाली. ती हसत होती, पण वाढायचा डाव तिनं खाली ठेवला होता.

बाबा तिच्याकडे बघत होते. ते काहीतरी मधलं बोलणार, असं मला वाटलं, "आजच्या दिवस राहू दे" असं काहीतरी. कुणीच जेवायला बसेना, कुणीच हलेना. भाताची वाफ तेवढी वर जात होती.

तेवढ्यात आजी भिंतीला हात लावत उठली. सावकाश टेबलाच्या टोकाशी गेली, मुलाच्या वडिलांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि वर चढून बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"मी सत्तर वर्सं मागून जेवली, बाप्पा," ती त्यांना म्हणाली. "आज मले भूक लागली. वाढ वो, सूनबाई."

आईनं वाढलं. मग मुलाची आई दारातून परत आली. नवऱ्याकडे न बघता ती आजीच्या बाजूला बाकावर बसली. मावशीही बसली. बाकांवर दाटीवाटीनं सगळेच बसले. मुलाच्या वडिलांनी ताटातला भात नुसता चिवडला. मुलगा मान खाली घालून जेवला. त्याची आई मात्र नीट जेवली आणि वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मुलगी चांगली आहे, पण घराला वळण नाही, असा त्याचा अर्थ होता.

बाबांनी ते पत्र टेबलावर आपटलं. आईवर ओरडलेले बाबा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "एका जेवणापायी पोरीचं लगन मोडलं तू!"

"मोडलं नाई," आई म्हणाली. "जुळलंच कुठं होतं?"

ताई रडली नाही. ती तीन महिने टेबलाला आली नाही. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, उभ्यानं जेवायची. एकदा मी तिला बोलवायला गेले तर म्हणाली, "तुमचं टेबल तुमाले लखलाभ." आईनं हे ऐकलं. तिनं ताईचं ताट रोज टेबलावर मांडलं आणि रोज रिकामं उचललं, पण नियम बदलला नाही. एका रविवारी ताई येऊन बसली, माझ्याकडून वरण मागितलं आणि जेवू लागली. आजी पाहुण्यांच्या त्या दिवसापासून शेवटपर्यंत खुर्चीवरच जेवली. तिच्या पायाखाली बाबांनी एक वीट ठेवली होती.

दोन वर्षांनी ताईचं लग्न राजनांदगावला झालं, चांगल्या माणसाशी. तिच्या घरी ती बहुतेक दिवस मागूनच जेवते. तिनंच मला सांगितलं, आणि वर म्हणाली, "सगळ्याइलेच आईसारखं भांडता नाई येत." मी तिला दोष देत नाही. आईनं जे केलं त्याची किंमत सगळ्यात जास्त ताईनं दिली, हेही मला माहीत आहे. तरी मला विचाराल, तर आई चुकली नाही.

जेवण खोलीमुळे होत नाही, माणसांमुळे होतं, असं मला मी शिकवायचे त्या शाळेतल्या एका मास्तरांनी ऐकवलं होतं. बरोबर आहे. पण जमिनीवर पंगत बसली की पहिली आणि दुसरी होते. सोफ्यावर ताट घेतलं की ज्याचं त्याचं ताट होतं आणि बाईचं ताट ओट्यावर राहतं. टेबलाला चार बाजू असतात, आणि एक जागा रिकामी राहिली की ती सगळ्यांना दिसते. मला एवढं पुरे आहे.

नव्वद सालानंतर आम्ही नवराबायकोनं भिलाईतच वैशाली नगरात प्लॉट घेतला. तोवर मी शाळेत शिकवायला लागले होते. नकाशा काढणारा सुपेल्यात बसायचा. माझा कागद पाहून तो म्हणाला, "मैडम, डाइनिंग अलग से कौन बनाता है आजकल? दीवार हटा दो, हॉल बड़ा हो जाएगा. लोग क्या देखते हैं, हॉल देखते हैं."

"देखने दो. दीवार रहेगी," मी म्हटलं.

नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं, तो काई चुकीचं नाई सांगून राहिला."

"मंग हॉल काढून टाकू," मी म्हटलं. भिंत नकाशात राहिली.

स्लॅब टाकला त्या दिवशी कामगारांना जेवण द्यायचं होतं. भिंतींना प्लास्टर नव्हतं, खिडकीला चौकट नव्हती. जेवायच्या खोलीत मी सतरंज्या टाकल्या. मिस्त्री आणि पुरुष आत येऊन बसले. डोक्यावरून गिट्टी, खडी वाहणाऱ्या चार बाया बाहेर वाळूच्या ढिगाजवळ पत्रावळी घेऊन उभ्या राहिल्या. त्यातली सगळ्यात मोठी आपल्या छत्तीसगढीत म्हणाली, "हमन इहें खा लेबो, बहिनजी. गोड़ म सिमेंट लगे हे."

"सबके पाँव में लगा है," मी म्हटलं. "अंदर आओ."

मिस्त्रीनं कपाळाला आठ्या घातल्या. मी त्याला सरकायला सांगितलं. तो सरकला. बाया आत आल्या, आधी भिंतीला चिकटून उकिडव्या बसल्या, मग मांडी घातली. मीही त्यांच्या शेजारी पत्रावळ घेऊन बसले. थोड्या वेळानं त्या मोठ्या बाईनं भात कालवला, एक घास खाल्ला आणि माझ्याकडे वळून सांगितलं, डाळीत मीठ कमी आहे. खरंच कमी होतं. मी उठून मीठ आणलं.