खुशालरावांनी आखडलेली साखळी

आमचे भाऊजी खुशालराव म्हणजे चौकशांचं पोतं. मोर्शीत कोणी नवा पंप बसवला तरी हे तिथे उकिडवे बसणार आणि बसवणाऱ्याचा जीव खाणार. त्यांची मुलगी प्रियदर्शनी अंदमानात यॉट चालवते. शिडाची नाव मालकाची, फिरणारे पर्यटक, हाकणारी ही. माझ्या बहिणीला, वच्छलाताईला, हे पटत नव्हतं. पोरीला घेऊनच या, असं बजावून तिने भाऊजींना धाडलं. परतीची तिकिटं दोन काढली होती.

भाऊजींना नावेवर घेऊन ती बंदरात आली, तेव्हा तिथे नावांची दाटी होती. प्रियदर्शनीने मोकळी जागा हेरली, वाऱ्याकडे तोंड करून नाव थांबवली, नांगर तळाशी सोडला आणि हळूहळू मागे सरकत साखळी सोडतच राहिली. भाऊजींचा जीव वरखाली. त्यांची हयात बैलबाजारात गेली. तिथे गर्दीत दावं आखूड बांधतात, नाहीतर शिंगं शेजाऱ्याच्या पोटात.

"एवढी गर्दी अन् एवढं लांब दावं? आखूड कर बाई," ते म्हणाले.

तिने समजावलं. साखळी लांब असली की तळाशी आडवी पडते आणि नांगर रुतून बसतो. आखूड केली की नाव त्याला वर उपटते. वारा फिरला तर सगळ्या नावा बरोबरच फिरतात, त्या बेताने अंतर राखलंय. भाऊजींनी मान डोलावली. पटलं काहीच नव्हतं.

ती छोट्या होडीतून कागदपत्रं दाखवायला किनाऱ्यावर गेली. साखळी ओढायचं बटण कोणतं, हे भाऊजींनी आधीच विचारून ठेवलं होतं. लेकीची नाव कोणावर आदळू नये म्हणून त्यांनी बरीच साखळी आत घेतली. मग वारा सुटला आणि नांगर तळातून उपटला, याचा भाऊजींना पत्ताच नाही. शेजारच्या नावेवरचा एक गोरा म्हातारा दोन्ही हात हलवू लागला. भाऊजींना वाटलं, रामराम करतोय. यांनीही हात जोडले. तोवर त्याची नाव हाताला लागेल इतकी जवळ आली होती.

प्रियदर्शनी जीव खाऊन वल्हवत आली, इंजिन लावलं आणि नाव थोडक्यात बाजूला काढली. धक्का बसला असता तर मालकाने तिला कामावरून काढलं असतं. म्हणजे ताईला हवं तेच झालं असतं. पण बटण मी दाबलं, असं भाऊजींनी आपणहून सांगितलं.

ती चांगलीच रागावली. मग नाव पुन्हा मोकळ्या जागी आणून तिने त्यांनाच पुढे साखळीपाशी उभं केलं. "बाबा, आता तुमीच सोडा. मी मनीन तवाच थांबा."

भाऊजी साखळी सोडत राहिले. ती काही थांबा म्हणेना. बऱ्याच वेळाने म्हणाली, आणि नाव जागेवर ठरली.

मोर्शीला भाऊजी एकटेच उतरले. ताईने त्यांच्या मागे पाहिलं आणि पोरगी कुठाय म्हणून विचारलं.

"नावेवर," ते म्हणाले. "माह्या हातानं तिचं काम जाता जाता राहिलं. मंग तिले घरी चाल मनाले तोंडच नाही उरलं. आता तूच जाऊन पाहून ये एकडाव."

ताई दोन दिवस त्यांच्यावर धुसफुसत राहिली. तिसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाली, "काय रे, लुगडं नेसून नावेवर चढता येते काय?"