उडत्या हत्तीखाली सापडलेला आचारी

बाईंची नोकरी गेली ती एका घोड्यापायी. शाळेत इतिहास शिकवायच्या. राजा वेढ्यातून निसटला कसा, हे पाठ्यपुस्तकाने एका ओळीत उरकलेलं, आणि बाईंना ते मुळीच पटेना. म्हणून त्यांनी वर्गाला सांगितलं, की त्या दिवशी राजाच्या घोड्याला पंख फुटले. वर्ग असा चिडीचूप झाला, की शिपाई दारात ऐकत उभा राहिला आणि घंटा द्यायचीच विसरला. परीक्षेत झाडून सगळ्या पोरांनी घोड्याला पंख लावले. मग काय, मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं.

"बाई, जे घडलंच नाही ते शिकवता?"

"घडलं नाही कशावरून? तुम्ही होतात तिथे?"

झालं! बाई घरी बसल्या.

घर म्हणजे शिवणकामाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दुकान नवऱ्याचं. गंमत बघा, जन्मभर शिकवलं बाईंनी आणि सगळा रस्ता मास्तर म्हणायचा तो त्यांच्या नवऱ्याला. मास्तर तोंडात टाचण्या धरून बोलणारा माणूस, त्यामुळे बोलणं कमीच. त्या दिवशी त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या आणि म्हणाले, "रडायचं असेल तर रडून घे. आणि मग त्या घोड्याचं पुढे काय झालं ते सांग."

बाई रडल्या नाहीत. लिहायला बसल्या, त्या बसल्याच. एक भाग झाला, दोन झाले, बघता बघता सहा. राजे, राण्या, बोलणारे बुरूज, पावसाला ओलीस धरणारा सरदार. इतिहासवाले म्हणायचे, हा इतिहास नाही. जादूवाले म्हणायचे, यात इतिहास फार. वाचणारे मात्र पुढचा भाग कधी म्हणून प्रकाशकाचं डोकं खायचे, आणि प्रकाशक बाईंचं.

त्यांची कामाची एक रीत होती. पान लिहून झालं, की जिन्यातून दोरीला बांधलेल्या टोपलीतून खाली दुकानात सोडायचं. मास्तर मशीन थांबवून वाचायचे. मशीन शेवटपर्यंत गप्प राहिलं तर पान पास. मध्येच खडखडायला लागलं, की बाई वरून ओरडायच्या, "कुठे कंटाळलात हो?" मास्तर सांगायचे, "तलवारीचं वर्णन. शर्टाचं माप घेतल्यासारखं लिहिलंयस." आणि पान फाटायचं. बाई वरवर चिडायच्या, पण त्या खडखडाटाइतका दुसऱ्या कुठल्या टीकाकारावर त्यांचा विश्वास नव्हता.

स्वयंपाकघर मास्तरांकडे गेलं ते दुसऱ्या भागात. एका लढाईच्या नादात बाईंनी तीन वेळा दूध उतू घालवलं. चौथ्यांदा मास्तरांनी त्यांना खांद्याला धरून खुर्चीवर नेऊन बसवलं. "तू तुझी लढाई जिंक. इथलं मी बघतो." तेव्हापासून बाईंना आयतं ताट. बाईंनी परतफेड म्हणून कादंबरीत एक आचारी आणला. गोलमटोल, बेसूर गुणगुणणारा, कढईत डोकावून स्वतःलाच शाबासकी देणारा. प्रत्यक्ष सेनापतीलाही दटावायचा, "आधी जेवा, मग मरा!" वाचणाऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. मास्तर त्या दिवसापासून कढईपाशी जरा मोठ्याने गुणगुणायला लागले.

सातव्या भागात प्रकाशकाने नवं टुमणं लावलं. "बाई, एवढी युद्धं होतात आणि आपलं कुणी मरतच नाही. कुणीतरी लाडकं मारा." बाईंनी फार विचार केला असं म्हणवत नाही. शत्रूचा उडता हत्ती दमला, खाली उतरला, आणि उतरला तो नेमका आचाऱ्यावर! लिहिताना त्या स्वतःच खुदकन हसल्या. पान टोपलीत गेलं, पाठोपाठ पुढचंही.

खाली शांतता. मग पावलं वाजली. मास्तर वर आले, दोन्ही पानं टेबलावर ठेवली, "छान झालंय" म्हणाले आणि परत गेले. त्यानंतरची पानं टोपलीत जायची तशीच वर यायची. मशीन थांबायचं नावच घेईना. मास्तर म्हणायचे, सीझन आहे, कामं फार आहेत. जेवण वेळेवर, ताट भरलेलं, गुणगुणणं मात्र बंद.

आणि बाईंचं घोडं तिथेच पेंड खायला लागलं. आठवा भाग शेवटचा, पण एक पान धड होईना. चांगलं काय नि वाईट काय, कळायला मार्गच उरला नाही. त्याहून वाईट म्हणजे घरात माणूस असून घर मुकं झालं होतं, आणि ते बाईंच्या जिव्हारी लागलं होतं. हा माणूस आपलं पुन्हा कधीच वाचणार नाही की काय, असा त्यांनी धसकाच घेतला.

शेवटी एका दुपारी त्या खाली गेल्या. एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला देऊन पडद्याआड उघड्या पोटऱ्यांनी उभं होतं, ते बाईंना दिसलंच नाही.

"जिवंत करते त्याला. माझीच कादंबरी आहे, सातवा भाग अजून छापायला गेलेला नाही, हत्ती जरा बाजूला उतरेल."

"कशाला? मेला तो मेला. लढाईत माणसं मरतात."

"मग रुसलात कशाला?"

मास्तरांनी टाचण्या काढून वाटीत ठेवल्या. "पुढच्या पानाची पहिली ओळ आठवते?"

बाईंना आठवेना. मास्तरांना पाठ होती.

"'दुसऱ्या सकाळी सैन्य पोटभर जेवून पुढे निघालं.'" त्यांनी बाईंकडे पाहिलं. "कोणी केलं होतं ते जेवण?"

बाईंनी ती ओळ मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिली.

"तो मेल्याचं वाईट नाही वाटलं गं. पण सकाळी कुणाला पत्ताही नव्हता. ताटं आपली भरलेली." एवढं बोलून ते पँटीकडे वळले.

बाई वर गेल्या आणि ते पान नव्याने लिहून घेऊन आल्या. टोपलीबिपली काही नाही. स्टुलावर बसल्या आणि वाचायला लागल्या. सकाळी सैन्य उठलं तर चूल थंड. घोडे तयार, भाले तयार, पण पाऊल उचलेना. राजा स्वतः शोधत आला, रिकाम्या कढईपाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग त्याने हुकूम सोडला, आचाऱ्याचा सोन्याचा पुतळा उभारा.

"वा!" पडद्याआडून गिऱ्हाईक म्हणालं.

मास्तर कधीचे हातातलं काम ठेवून ऐकत होते. डोळे पुसून म्हणाले, "पुतळा काढ."

"का हो? चांगला सोन्याचा दिलाय!"

"पुतळ्याने कुणाचं पोट भरलंय? राजाला म्हणावं, चूल पेटव."

"त्याला नाही येत."

"येत नाही, का कधी बघितलंच नाही?"

त्या उठल्या, जिना चढल्या आणि थेट लिहायच्या टेबलाशी न जाता आत गेल्या. शेगडी पेटवली, भांड्यात पाणी ठेवलं, कांदा चिरला. एक डबा उघडला, मग दुसरा, मग वरच्या फळीवरचे सगळे. स्वतःच्याच घरात त्या पाहुण्यासारख्या उभ्या होत्या. पाणी उकळायला लागलं, तशी त्या जिन्याच्या तोंडाशी आल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "आपल्याकडे मीठ कुठे असतं?"