नूडलरावांचा उपास

“आधी मोजा, मग बोला.” काका हे म्हणायचे आणि त्यांचा उजवा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जायचा. खिशात बोटभर आकाराचा गुंडाळलेला टेप असे. हा सोफा दारातून जाणार नाही असं कुणी म्हटलं की टेप बाहेर. ‘यंदा ऊन फार आहे’ असं म्हटलं तरी हात तिकडेच. इथे टेपचा काही उपयोग नाही हे लक्षात आलं की ते स्वतःशीच हसायचे आणि खिसा नुसता थोपटायचे. कंप्यूटर चिपच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात होता तो.

अमेरिकेतल्या चँडलरमध्ये अशी निवृत्त माणसं तुम्हीही पाहिली असतील. घर मोठं, गराज चकाचक, मुलं दुसऱ्या टाइम झोनमध्ये. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी नोकरीसाठी बॉस्टनला गेली होती. मी त्यांच्या घरामागच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो, एकटाच. बायको आणि चार वर्षांची मुलगी पुण्याला होत्या, आणि त्यांच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख सारखी पुढे जात होती.

गणपतीच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, मी जरा फुशारकी मारली होती. सांगलीला कॉलेजात असताना सर्पमित्रांबरोबर हिंडायचो, दोन नाग आणि बऱ्याच धामणी पकडल्यात, वगैरे. समोर बसलेल्या काकांनी हातातली पुरी खाली ठेवली.

“सगळ्यात मोठी धामण केवढी?”

“असेल आठ फूट.”

“मोजली होती?”

नव्हती. तिथे आमचं बोलणं संपलं. पण ऑक्टोबरात एका सकाळी त्यांचा फोन आला. “तू तो साप पकडणारा ना? आमचा साप जेवत नाहीये रे. पाच आठवडे झाले.”

साप मुलीचा होता. बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहानसा अजगर. बिनविषारी, मनगटाएवढा जाड, अंगावर तपकिरी-पिवळे डाग. शाळेत असताना तिने हट्टाने आणला आणि त्याचं नाव नूडल ठेवलं. बॉस्टनच्या अपार्टमेंटमध्ये साप ठेवायला परवानगी नाही, म्हणून तो काकांकडे राहिला. काका त्याला नूडलराव म्हणायचे. जन्मभर अंडंसुद्धा न खाल्लेला हा माणूस गराजमधल्या छोट्या फ्रीजमधून गोठवलेला उंदीर काढायचा, पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचा, भांडी घासायचे पिवळे हातमोजे चढवायचा आणि लांब चिमट्याने तो उंदीर सापापुढे धरून म्हणायचा, “घ्या साहेब, गरम आहे तोवर घ्या.”

साहेब तोंड फिरवून आपल्या काचेच्या पेटीतल्या लाकडाखाली निघून जायचे.

मी पकडलेले साप त्याच दिवशी रानात सोडलेले होते. त्यांना जेवू घालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. हे मी काकांना कबूल केलं. ते म्हणाले, “मग दोघं मिळून शिकू. शनिवारी अकराला येतोस?”

पहिल्या शनिवारी त्यांनी माझ्या हातात पिस्तुलासारखा थर्मामीटर दिला, लांबून रोखून तापमान मोजायचा. पेटीच्या काचेला चिकटवलेला जुना थर्मामीटर नव्वद अंश फॅरनहाइट दाखवत होता. आम्ही पेटीतली जमीन मोजली तर जेमतेम ऐंशी. खालचा हीटर बिघडला होता. उबदार जागा नसेल तर साप खात नाही, कारण खाल्लेलं पचत नाही. काकांनी त्या काचेवरच्या थर्मामीटरकडे असं पाहिलं, जणू त्याने तीस वर्षांचा विश्वास मोडला होता. नवा हीटर आला, पाण्याचं भांडं मोठं झालं. नूडलराव तरी जेवले नाहीत.

मग दर शनिवार ठरून गेला. काका त्याला अलगद उचलून झाकणाच्या डब्यात ठेवायचे, डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचे, आणि काट्यावरचा आकडा वाचून वहीत लिहायचा मान माझा. वजन झालं की त्यांच्या हातचे पोहे. पोहे खाताना ते माझ्या मुलीची चौकशी करत. एकदा म्हणाले, “फोनवर तिची उंची कशी कळणार? भिंतीवर खुणा करायला सांग बायकोला.” त्या दिवसापासून पुण्यात भिंतीवर खुणा होऊ लागल्या.

डिसेंबरात वजन पन्नासेक ग्रॅमनी उतरलं, तेव्हा आम्ही त्याला उशीच्या अभ्र्यात घालून डॉक्टरकडे नेलं. सरपटणारे प्राणी बघणारी ती डॉक्टर शांत होती. तिने त्याचं तोंड उघडून पाहिलं, श्वास ऐकला, अंग चाचपलं. आजार काही नाही म्हणाली. थंडीत हे महिनोन्महिने उपाशी राहतात. सारखे हाताळू नका, रोज अन्न पुढे धरू नका, आठवड्यातून एकदा वजन करा आणि दहावा हिस्सा उतरलं तर परत आणा. मग तिने विचारलं, “पेटी कुठे असते?”

काकांनी खिसा थोपटला. मी म्हणालो, “हॉलमध्ये, टीव्हीशेजारी.”

पूर्वी ती मुलीच्या खोलीत होती. सप्टेंबरात काकांनी ती एकट्याने, ढकलत ढकलत बाहेर आणली होती. डॉक्टर म्हणाली, तिथे उजेड, आवाज, ये-जा. त्याला उघड्यावर बसल्यासारखं वाटत असणार. अंधारी शांत खोली द्या, तीन बाजूंनी काच झाका, आणि थोडे दिवस त्याला विसरून जा.

गाडीत बसल्यावर काकांनी अभ्रा मांडीवर घेतला. फ्रीवेला लागल्यावर म्हणाले, “संध्याकाळी टीव्ही लावला ना, की तो बाहेर यायचा. मान वर करून बसायचा. मला वाटायचं, बघतोय.”

त्याच दुपारी आम्ही पेटी मुलीच्या खोलीत नेली. काकांनी पुठ्ठे मापून कापले आणि काचा झाकल्या. खोलीचं दार ओढून घेतलं. हॉलमध्ये पेटीच्या जागी त्यांनी काहीच ठेवलं नाही.

फेब्रुवारीत एका शनिवारी मी वाकून आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला. मागच्या आठवड्यापेक्षा सत्तर ग्रॅम जास्त. उपाशी साप असा वाढत नाही. हा जेवला होता. मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाठ करून, आधीच कोरडा असलेला ओटा पुसत होते.

“काय म्हणतोय?” त्यांनी विचारलं.

“काही खाल्लं का त्याने या आठवड्यात?”

“छे. बघतसुद्धा नाही.”

मला सगळं कळलं, किंवा मला तसं वाटलं. मी म्हणालो, “वजन तेवढंच आहे,” आणि वहीत मागच्याच आठवड्याचा आकडा लिहिला. काका वळले. “म्हणजे पुढच्या शनिवारी यावं लागणार तुला.” “येईन की,” मी म्हणालो. त्या दिवशी पोह्यांवर त्यांनी खोबरं जरा जास्तच घातलं होतं.

आणि मग आठवड्यामागून आठवडे नूडलराव गुबगुबीत होत गेले आणि वहीत तेवढेच उपाशी राहिले. मी खोटे आकडे लिहीत होतो आणि आपण एका एकट्या म्हाताऱ्यावर किती उपकार करतोय म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. बायकोलाही तसंच सांगायचो. “काकांना कुणी नाही गं. जावं लागतं.”

एप्रिलमध्ये सकाळी फिरायला गेलेले काका फुटपाथवर कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मुलीने बॉस्टनहून मला फोन केला आणि ती पोहोचेपर्यंत सापाकडे बघाल का, एवढंच विचारलं.

सगळे विधी उरकल्यावर ती घर आवरायला थांबली. तिशीच्या आतली, वडिलांसारखीच हडकुळी. मी मदतीला गेलो तेव्हा ती पेटीपुढे जमिनीवर बसली होती आणि साप तिच्या खांद्यावर होता. ती निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी बोलायची.

“मस्त वेट आहे याचं. फेब्रुवारीपासून रेग्युलर खातोय ना?”

मला लपवून ठेवता आलं नाही. “मला माहीत होतं,” मी म्हणालो. “पण काकांना सोबत हवी होती. म्हणून मी बोललो नाही.”

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. “बाबांना? दादा, पण बाबा तर सांगायचे की तुम्ही खूप लोन्ली आहात. फॅमिली तिकडे, व्हिसा होत नाही. नूडलने खाल्लं त्या दिवशी त्यांनी मला व्हिडिओ पाठवला. आणि म्हणाले, त्याला कळू देऊ नकोस. कळलं तर तो यायचा बंद होईल, मग शनिवारी बिचारा बोलणार कुणाशी?”

खोलीत ओढलेल्या पडद्यांमुळे अंधार होता, ते बरं झालं.

तिला नवीन घर मिळालं होतं, साप चालणारं. विमानात त्याला नेता येणार नव्हतं, म्हणून ती काकांच्याच गाडीने बॉस्टनपर्यंत जाणार होती. निघायच्या दिवशी मी अभ्र्यात घातलेला साप थर्माकोलच्या खोक्यात ठेवला आणि ते खोकं मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलं. तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि विचारलं, “तुमच्या फॅमिलीचं काही कळलं का?”

“अजून नाही,” मी म्हणालो. “होईल.”

गाडी वळणापाशी थांबली, इंडिकेटर लागला, आणि ती गेली. अकरा वाजून गेले होते, ऊन चढलं होतं. लगेच खोलीवर जावंसं वाटेना. मी त्या रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. दोन्ही बाजूंना घरं होती, दारापुढे गाड्या होत्या, कुठेतरी पाण्याचे फवारे चालू होते. दोन वर्षं मी त्या रस्त्याने येत-जात होतो, आणि बेल वाजवता येईल असं माझ्या ओळखीचं दार तिथे आता एकही नव्हतं.