शेवटच्या अकरा निऱ्या

ईना गेडिसने आयुष्यात चारशेवर किल्ट, म्हणजे आमच्या स्कॉटलंडमधल्या पुरुषांचे निऱ्यांचे लोकरी घागरे, शिवले आणि एकातही मशीनचा टाका घातला नाही. आमच्या हंटली गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे; ज्याला नसेल त्याला ती स्वतः सांगते. बोटं आखडली तसं शिवणं सुटलं. तेव्हापासून दर शनिवारी ती आमच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात खिडकीजवळच्या खुर्चीत बसते आणि विकायला आलेले किल्ट पारखते. मी मागे वाफेची इस्त्री करते, त्यामुळे सहा वर्षं हे जवळून बघितलंय.

लोक समोरची चौकडी बघून भुलतात. ईना समोरून बघतच नाही. आधी किल्ट उलटा करते. खालची कड दुमडून शिवलेली निघाली, की बाजूला टाकते. चांगल्या किल्टला खाली कापडाचा मूळ काठच लागतो. मग हातावर तोलते, आठ वार लोकर आहे की पाचातच भागवलंय. मग अस्तर, आणि सगळ्यात शेवटी पाठीमागच्या निऱ्या. "पुढून सगळेच देखणे असतात गं," ती मला म्हणायची. "पाठ फिरवून निघाला की कळतं, कुणी शिवलाय."

या वर्षी तिची नजर जायला लागली. मला कळलं, कारण ती कोंबडीसारखी मान तिरकी करून कपबशी शोधायची. मी विचारलं, तर माझं मनगट धरून म्हणाली, "मधोमध काही दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. मालकिणीला सांगशील तर बघ." धमकी द्यायला गेली, पण आवाज रडका निघाला. घरी तिला कुणी नाही. आठवड्याचे सहा दिवस ती शनिवारची वाट बघत काढते. मी तोंड मिटून बसले.

मग व्हायचं ते झालं. तिने चांगला म्हटलेला एक किल्ट गिऱ्हाइकाने परत आणला. समोरच्या पदरावर, ऐन मधोमध, कसरीने तीन भोकं पाडली होती. शोना कमिंग, आमची मालकीण, वाईट नाही, पण तिला दुकान चालवायचंय. "ईना, पुढच्या शनिवारी मी शेजारी उभी राहते," ती म्हणाली. "आणखी एक चूक झाली, तर मग तुम्ही घरी आराम करा."

त्या शनिवारी ईना दुकान उघडायच्या आधीच दारात उभी होती. चहा घेतला नाही, लोणी घातलेल्या बटरी पावाला हात लावला नाही. "घरी बसवलं तर मी वेडी होईन," माझ्या कानाशी म्हणाली.

अकराच्या सुमारास ईनाच्याच वयाची एक बाई पिशवी घेऊन आली. ईनाकडे बघून हसली. ईना सरळ तिच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला काही दिसत नव्हतं. बाईचं हसू मावळलं. मुकाट्याने पिशवी शोनाकडे देऊन ती भिंतीजवळच्या बाकावर बसली.

गॉर्डन घराण्याची चौकडी होती, हिरवी-निळी, प्रत्येक निरीवर मधोमध पिवळी रेघ. ईनाचे हात फिरू लागले. "काठ मूळचा. आठ वार, पुरेपूर." समोरचा पदर या वेळी तिने दोनदा चाचपला. "कसर नाही. कुणीतरी जिवापाड जपलाय." शोना मान डोलवत होती. माझ्या जिवात जीव आला.

मग बोटं निऱ्यांवर आली. "इंचाला दहा टाके. हात आहे बाईला." सोळा निऱ्या झाल्या आणि बोटं थबकली. मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"इथून बिघडलाय. शेवटच्या अकरा. टाके लांब, सैल. रेघ सरकली असणार, बघ."

शोना खाली वाकली. पिवळी रेघ खरंच दोरा दोरा सरकत गेली होती. इस्त्री करताना मलाही दिसली नसती. "कमाल आहे तुमची," शोना म्हणाली.

खुर्ची वाचली, हे ईनाला कळलं. तिला चेव चढला. "सोळा निऱ्या मन लावून, आणि पुढे नुसत्या पाट्या टाकलेल्या. असल्या बाईच्या हातातून सुई काढून घ्यायला हवी होती."

बाकावरची बाई उठून जवळ आली.

"ईना, मी नेटा फार्कर. डफटाऊनची, सँडीची बायको. मघाशी ओळख दाखवली नाहीस, मला वाटलं रागावलीस. अगं, हा तूच शिवलायस, माझ्या सँडीसाठी. तुझी कर्स्टीन गेली ना, त्या आठवड्यात."

कर्स्टीन म्हणजे ईनाची मुलगी. नऊ वर्षांची होती. तिच्याबद्दल ईना बोलत नाही आणि हंटलीत कुणी विचारत नाही.

"निऱ्या बिघडल्यात, हे सँडीने पहिल्याच दिवशी ओळखलं," नेटा म्हणाली. "मी म्हटलं, परत दे, नीट करून देईल. तो म्हणाला, खबरदार. त्या बाईने तशात शिवून वेळेवर दिला, आणि आपण रेघा मोजत बसायचं? बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचा गं तो. सोडला आणि ढोल घेतला. ढोलवाले शेवटी चालतात. मागून निऱ्या बघणारं कुणी जाणकार नको, तुझं नाव जायला नको, म्हणून. मरेपर्यंत ढोलच वाजवला."

ईनाचे हात किल्टवर तसेच राहिले.

"ईना," शोना हळूच म्हणाली, "नेटा तुमच्यासमोर उभी होती. तुम्हाला दिसली नाही?"

"नाही. मला कुणाचंच तोंड दिसत नाही." तिने निऱ्यांवरून पुन्हा बोटं फिरवली. "त्या आठवड्यात मी सगळं चुकवलं. डॉक्टरला उशिरा बोलावलं. एक हा किल्ट तेवढा नीट केला, असं मला इतकी वर्षं वाटत होतं."

नेटा रडायला लागली. शोना पुढच्या शनिवारचं काहीतरी बोलू लागली, तर ईनाने तिला थांबवलं. "सुई काढून घ्या, असं आत्ता मीच म्हटलं ना?" शिवताना बोटात घालायचं पितळी टोपण ती अजून खिशात बाळगायची. ते काढून तिने टेबलावर ठेवलं.

मी हँगर घेऊन आले. सोळा निऱ्या तिने हातातून सोडल्या. त्या अकरांवरून मात्र तिचा हात निघेना, आणि मीही किल्ट ओढून घेतला नाही.