न वाजणारा डबा

माझ्या कवितांविषयी विचारायला कोणी घरी आलं की मी आधी टेलिफोन एक्स्चेंजचं सांगते. पाहुण्यांचा जरा विरस होतो. त्यांना महारवाडा ऐकायचा असतो, विहीर ऐकायची असते. तेही होतंच. यावलजवळच्या एका गावाबाहेर, केळीच्या बागांपलीकडे माझा जन्म झाला, आणि कोणीतरी येऊन आपल्या घागरीत वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघत विहिरीपाशी बसण्यात माझ्या आईचं अर्धं आयुष्य गेलं. पण मी लिहायला लागले ती जळगावच्या एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डात दोऱ्या खोचता खोचता.

साठच्या दशकातली ती नोकरी. तिथे मी म्हणजे नुसता आवाज होते. कापसाचे व्यापारी म्हणायचे, "ताई, अमळनेर जरा लवकर लावा ना." एकदा आमच्या गावच्या पाटलांनी यावलहून ट्रंक कॉल लावला. माझ्या वडिलांना त्यांच्या दारावरून जाताना चपला हातात घ्याव्या लागत. तेच पाटील मला म्हणाले, "बाई, लई उपकार होतील." मी त्यांना उगीच थोडा वेळ ताटकळत ठेवलं, हे कबूल करते. मग जोडून दिला.

कॉलची नोंद करायच्या तिकिटांपैकी जी खराब होत, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी कविता लिहायची. पुण्याच्या एक-दोन मासिकांनी त्या छापल्याही होत्या. नवरा धुळ्याच्या डेपोत एस.टी.चा कंडक्टर, सुट्टी मिळेल तेव्हा घरी यायचा. एकुलती एक मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. माझी ड्युटी दुपारी एक ते रात्री आठ, त्यामुळे आम्हा मायलेकींना एकमेकींच्या वाट्याला सकाळच यायची. शाळेत जाण्याआधी मी तिच्या वेण्या घालायची आणि ती पाठमोरी बसून आदल्या दिवसाचं सगळं सांगायची. कोणी कोणाची पेन्सिल घेतली, कोणाला छडी बसली, कोणाला रडू आलं. घाईच्या दिवशीसुद्धा मी मुद्दाम वेणी सोडून पुन्हा घालायची.

रेल्वेलाइनशेजारी दहा-बारा खोल्यांची एक ओळ होती, तिच्यात आम्ही भाड्याने राहत होतो. समोर अमळनेरकडचं एक शेतकरी कुटुंब होतं. घरधनी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आणि बाई आम्हा सगळ्यांची अक्का. तिची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात. मी ड्युटीवर असले की शाळेतून आल्यावर माझी लेक अक्काच्या ओट्यावर बसायची. ओट्यावरच, आत नाही. त्याबद्दल ना कधी अक्का बोलली, ना मी. दोघींनी मूग गिळले होते, आणि पोर सांभाळली जात होती.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला खानदेशात भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. महिनाभर रोज संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, भुलाबाईची सासर-माहेरची गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरचा खाऊ ओळखायचा. झाकण लावलेला डबा पोरींपुढे येतो, त्या तो हलवून, कान लावून नावं घेतात. लाह्या? शेव? चकली? ओळखलं की डबा उघडतो आणि सगळ्या खातात. आपला डबा कोणाला ओळखता येऊ नये, ही घरोघरच्या आयांची ईर्षा.

आमच्यात आता भुलाबाई नव्हती. धर्म बदलला तेव्हा माझ्या वडिलांनी घरातले देव नदीत सोडले होते. पण लेकीला गाणी येत होती, ती पोरींबरोबर सगळीकडे जात होती, आणि त्या वर्षी तिने हट्टच धरला की एक संध्याकाळ आपल्याही घरी हवी. नवरा म्हणाला, "देव सोडले ना आपण?" मी म्हटलं, "देव नाही बसवत. पोरी दारात गातील, खाऊ खातील." तो नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ मला कळला होता, पण माझ्या अंगात भलताच उत्साह शिरला होता.

मी गुळपापडी केली. तूप हात आखडता न घेता घातलं. आणि युक्ती अशी केली की मिश्रण गरम असतानाच पितळी डब्यात काठोकाठ थापलं, तिथेच गार होऊ दिलं आणि वरून वड्या पाडल्या. डबा कितीही हलवा, आवाज म्हणून नाही. "बघ, कोणाला ओळखता येणार नाही," मी लेकीला म्हटलं. तिने डबा कानाशी धरून हलवला आणि खूश झाली. मी ड्युटीवर गेले.

साडेआठला परत आले तर डबा घासून पालथा घातलेला. "खाल्ला सगळ्यांनी?"

"हो. संपला."

"ओळखता आलं का कोणाला?"

"नाही," ती म्हणाली, आणि कुशीवर वळून झोपली.

पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून कळवळत होती. पडलं ते सगळं गुळाचं आणि तुपाचं. एका मुलीच्या पोटात किती वड्या मावतात, ते मी त्या सकाळी पाहिलं. मला विचारावं लागलं नाही. पोरी आल्या, गायल्या, डबा उघडल्यावर मागे सरकल्या. आणि आईला कळू नये म्हणून माझ्या लेकीने आख्खा डबा एकटीने संपवला. मला ते चित्र डोळ्यांसमोर स्वच्छ दिसलं. तिला छातीशी धरून मी रडले.

एक वाजता मी ड्युटीवर गेले. आजारी मुलीला अक्काच्या ओट्यावर निजवून गेले. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. रजा मागितली असती तर मिळाली असती. पण माझ्या डोक्यात ओळी यायला लागल्या होत्या आणि मला बोर्डापुढची ती खुर्ची हवी होती. चार तिकिटांच्या पाठीवर त्या डब्याची आणि मागे सरकलेल्या पोरींची कविता उतरली. इतकी सरळ, न अडखळता कविता मला त्याआधी कधीच आली नव्हती. आनंद झाला मला. लेक पोट धरून पडली होती आणि मला आनंद झाला होता.

संक्रांतीच्या सुमारास मासिकात ती छापून आली. पत्रं आली. धुळ्याला एका कविसंमेलनाचं बोलावणं आलं, मी लेकीला घेऊन एस.टी.ने गेले. तिथे लोकांनी तीच कविता मागितली. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत बापाच्या शेजारी बसलेली माझी मुलगी तेवढी आपल्या फ्रॉकच्या शिवणीकडे बघत होती. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलेलं, मला वाटलं पोर भारावली आहे. पुढच्याच आठवड्यात तिच्या बाईंनी कौतुकाने ती कविता वर्गात मोठ्याने वाचली. त्या वर्गात अक्काची मुलगी होती, टिपऱ्या घेऊन आमच्या दारात आलेल्या आणखी चौघी होत्या.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना मी विचारलं, "काल काय झालं शाळेत?"

"काही नाही."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढे महिनाभर तेच. ती रुसली नव्हती. जेवायची, अभ्यास करायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची. फक्त मला काही सांगायची बंद झाली होती. मी वेणी सोडायची, पुन्हा घालायची, तिसऱ्यांदा घालायची. ती मान ताठ धरून बसायची. माझ्या हातात तिचे केस होते आणि मूल माझ्या हातून गेलं होतं. संध्याकाळी आता ती अक्काच्या ओट्यावर जात नव्हती, आमच्याच दाराला आतून कडी लावून बसत होती.

मग एका सकाळी अक्का दारात आली. पदर खोचलेला, डोळे लाल. म्हणाली, "मनी पोरनी तुना घरनं खादं नही, आसं तू छापं. इचार तुनी पोरले, तिनी डबा उघाडा व्हता का? छापानं पहिले पोरनं आयकी लेती! तू ते आख्खा गावले सांगी दिनं."

मी सटपटले. लेकीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती.

"उघडला नव्हतास डबा?"

तिने मानेनेच नाही म्हटलं. मग तुटक तुटक सगळं आलं. पोरी आल्या, गायल्या. तिने डबा पुढे केला. त्यांनी हलवला, कान लावला. काहीच वाजेना. अक्काची मुलगी हसून म्हणाली, "यात काहीच नाही!" आणि माझी लेक पटकन म्हणाली, "बरोबर. काहीच नाही." पोरींनी टाळ्या पिटल्या, गंमत झाली असं समजून पुढच्या घरी पळाल्या. डबा तसाच भरलेला राहिला.

"पण का गं?" मी ओरडलेच.

"उघडला असता आणि त्यांनी घेतलं नसतं तर?" ती म्हणाली. "मग आमची मैत्री राहिली नसती. आणि मी तुला काही सांगितलं नव्हतं. तूच लिहिलंस."

माझ्याच युक्तीने तिला वाट करून दिली होती. मी वळून अक्काला विचारलं, "अक्का, उघडला असता तर खाल्लं असतं तुझ्या मुलीने?"

अक्काने खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "खोटं कसाले बोलू? मी तिले सांगीसन धाडेल व्हतं. गाणा म्हन, पन तठे काही खावानं नही." आणि पदराने तोंड पुसत ती आपल्या घरी गेली.

म्हणजे माझी कविता खोटी नव्हती आणि खरीही नव्हती. जे घडलं असतं ते माझ्या नऊ वर्षांच्या पोरीने घडू दिलं नव्हतं. तिने मला वाचवलं, मैत्रिणींना वाचवलं आणि त्यापायी पहाटेपासून पोट धरून लोळली. मी त्या मैत्रिणींना छापून काढलं. मी तिच्यापुढे बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं." आयुष्यात मी हे फार थोड्या माणसांना म्हटलं आहे. ती म्हणाली, "शाळेला उशीर होतोय."

माझा संग्रह निघायची वेळ आली तेव्हा मी ती कविता काढून टाकली. प्रकाशक म्हणाले, सगळ्यात चांगली तीच आहे. मी म्हटलं, मला ठाऊक आहे. वेण्या रोज घातल्या, पण प्रश्न विचारणं सोडून दिलं.

पाऊस सरत आला, पुन्हा भाद्रपद आला. गल्लीत टिपऱ्या वाजायला लागल्या. अक्काने मध्यंतरी आमच्या दारी एकदा अंबाडीची भाजी आणून ठेवली होती, मी तिच्या ओट्यावर केळी ठेवून आले होते. ती केळी घरात गेली का ढोरांना गेली, हे मी बघायला थांबले नाही. दोघी पोरी शाळेत बरोबर जायला लागल्या होत्या. आणि एका सकाळी, वेणीचा पेड माझ्या हातात असताना, लेक म्हणाली, "आई, या वर्षी वाजेल असं काहीतरी कर."

मी फुटाणे आणि शेंगदाणे भाजले. त्याच पितळी डब्यात अर्धवट भरले, म्हणजे चांगले खुळखुळतील. त्या दिवशी मी रजा घेतली, पण तिने मला बाहेर येऊ दिलं नाही. मी आत चुलीपाशी बसले. गाणी संपली. डबा खुळखुळला. चार-पाच आवाज एकदम ओरडले, "फुटाणे!" मग झाकण निघाल्याचा आवाज आला. त्यानंतर बाहेर सगळं शांत झालं. पण मी उठून फटीतून बघितलं नाही. कान मात्र बंद करता आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाठमोरी बसली आणि तिने मला सगळं सांगितलं. कोण आधी बोलली, कोण मागे सरकली, पहिला हात कोणाचा पुढे आला, अक्काच्या मुलीने काय केलं. वर्षभरात ती इतकं बोलली नव्हती. मी वेणी तीनदा सोडली, तीनदा घातली.

"आई, हे लिहू नकोस."

"नाही लिहिणार."

आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे. ही पानं मी तिला वाचून दाखवली. तिने फुटाण्यांपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "इथपर्यंत चालेल." म्हणून मी इथेच थांबते.