कडूबा पाणाड्या नाही म्हणाला

रोहिणखेडच्या कडूबाला पाणी विचारायला माणसं दहा कोसांवरून येत. तो पाणाड्या होता. उंबराची बेचकी फांदी दोन्ही मुठींत धरायची, अनवाणी रान तुडवायचं आणि फांदी खाली ओढली गेली की तिथं टाच रुतवायची, हा त्याचा धंदा. घ्यायचा फक्त ओंजळभर ज्वारी. गुरूने एकच अट घातली होती: विचारील त्याला पाणी सांगायचं, मग वैरी का असेना. चाळीस वर्षं कडूबाने ती पाळली. भर मांडवात सोयरीक मोडून गेलेल्या माणसालाही त्याने विहिरीची जागा दाखवली होती. नंतर घरी येऊन त्याला शिव्या घातल्या, ते वेगळं.

ही चारशे वर्षांहून जुनी गोष्ट. नगरच्या निजामशाहीत गादीवरून घरातच जुंपली होती. मुलगा तख्तावर, आणि बाप ते हिसकावायला खानदेशची फौज घेऊन आलेला. भांडण मोठ्या घरचं, मरायला मात्र दुसऱ्यांची पोरं. मुलाच्या बाजूची फौज भर वैशाखात घाट उतरत होती, आणि तिच्या तोफा ओढणाऱ्या गाडीवानांत कडूबाचा एकुलता एक शालिग्राम होता. फाल्गुनात त्याला बैलांसकट वेठीला धरून नेलं होतं. तेव्हापासून त्याची आई सोजराबाई रोज दोन भाकरी जास्त थापत होती.

खालची नदी आणि विहिरी खानदेशवाल्यांनी आधीच ताब्यात घेतल्या होत्या. उरला होता डोंगराच्या घळीतला, कडूबाने याच चैत्रात शोधून काढलेला डोह. तो बाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हता. गावाने गुरं तिथंच लपवली होती.

"वरच्यायले पानी दाखोलं तं हे खालचे गाव जाळतीन," पाटील वामनराव घरोघरी बजावून गेले.

सोजराबाईला ते पटलं नाही. "आपलं पोरगं तहानलं असन. सांगून द्या ना तुमी."

"तुले समजत नाई," कडूबा म्हणाला. "पानी नसलं का गुरं माघारी फिरतेत. फौजबी फिरन. घाट चढून जाईन, लढाई टळन, अन पोरगं जितं राहीन."

जन्मभर गुरं आणि पाणीच पाहिलेल्या माणसाला फौजही कळपासारखी वाटली. त्याला हसणं सोपं आहे, मला हसू येत नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर तीन स्वार गावात शिरले. ओठ फुटलेले, घोड्यांच्या तोंडाला फेस.

"कडूबा पानाड्या कौन?"

आपलं नाव फौजेपर्यंत पोचलंय याचं त्याला त्या घडीलाही बरं वाटलं. माणूस असाच असतो.

"मीच."

"पानी किधर है, बोल."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा कडूबाने मान हलवली. "नाई बाप्पा. यंदा सारं आटलं."

स्वार घाटाकडे वळले.

फौज माघारी फिरली नाही. तहानलेलीच खाली उतरली, लढली, आणि तिचा सरदार गोळी लागून पडला. तख्त बापाला मिळालं. गाव जळालं नाही. कडूबा दोन दिवस रणात मढी उलथून पाहत हिंडला, पण शालिग्राम सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी मोताळ्याचा मोतीराम लंगडत दारात आला. फौजेत त्याची गाडी शालिग्रामच्या गाडीमागेच असायची. सोजराबाईने त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्याने तांब्या तसाच खाली ठेवला.

"काका, त्याले खाली नका पाहू. तो लढाईत नाई मेला. वर घाटातच मारलं त्याले."

"काऊन?"

"त्यानंच सरदाराच्या मानसायले सांगतलं, का माहा बा पानाड्या हाय, कोनालेच नाई म्हनत नाई. स्वार रिकामे वापस आले. मंग ते म्हनले, हा खालच्यायचा हेर हाय."

सोजराबाईने नवऱ्याकडे पाहिलं. कडूबाला तिच्याकडे बघवेना. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मरतानी काई बोलला?"

"बोलला ना. म्हने, माहा बा खोटं बोलत नाई. तो नाई म्हनला तं पानी आटलंच असन. माहीच चूक झाली."