फाईल कोणी उचलली? परळ-गिरगावची तीन दिवसांची साइट व्हिजिट

सगळं बदललं ते परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या औषधांच्या काउंटरसमोर, सकाळी अकरा चाळीसला. वेळ इतकी नेमकी लक्षात राहिली यात माझी हुशारी काही नाही, माझ्या हातात स्टॉपवॉच होतं. त्या मिनिटाआधी मी नाशिकच्या एका कॉलेजात हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या मास्टर्सचा विद्यार्थी होतो आणि केतकीला मनातलं कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. दुसऱ्या दिवशी यातलं काहीच उरलं नव्हतं.

या ब्लॉगवर एरवी गड आणि खादाडी असते. पण मार्च आला की नव्या बॅचच्या पोरांचे मेसेज यायला लागतात. साइट व्हिजिटला काय न्यायचं, राहायचं कुठे, तिथली मोठी माणसं काय विचारतात? म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकू.

आम्ही चोवीस जण पहाटे साडेपाचला बसने निघालो. कसारा घाटाआधी एका धाब्यावर पोहे-चहा झाला. पोह्यांत शेंगदाणे कमी होते आणि क्षीरसागर सरांच्या सूचना जास्त. "आपण तिथे पाहुणे आहोत. मोठमोठी माणसं वेळ काढून तुमच्याशी बोलणार आहेत. आणि परळचं हॉस्पिटल दरवर्षी या व्हिजिटमधून एकालाच ट्रेनी म्हणून घेतं, हे लक्षात ठेवा."

सगळ्यांनी केतकीकडे बघितलं. ती आमच्या गटाची प्रमुख. ती जागा तिला हवी होती, आणि ती तिलाच मिळणार हे बसच्या ड्रायव्हरलासुद्धा कळलं असेल. मलाही ती तिलाच मिळायला हवी होती, पण माझं कारण वेगळं होतं. मी करी रोडचा. केतकी परळला आली असती तर माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर.

म्हणजे बघा, बाकीचे तेवीस जण मुंबई बघायला निघाले होते आणि मी स्वतःच्याच घरी पाहुणा म्हणून. मुक्काम दादर पश्चिमेच्या एका साध्या अतिथीगृहात होता. चौघांत एक खोली, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. ग्रुपने जाणार असाल तर दादरलाच राहा, गिरगाव आणि परळ दोन्ही हाताशी येतात. मोजे जास्तीचे घ्या. दिवसभर उभं राहावं लागतं.

पहिला दिवस गिरगावचा. दोन गल्ल्यांच्या कोपऱ्यावर ट्रस्टचं एक छोटं हॉस्पिटल आहे. लाकडी जिना, पितळी कठडा, चाळीस खाटा. तिथले व्यवस्थापक दामलेकाका सत्तरीचे असतील, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. आम्ही प्रोजेक्टर शोधत होतो. काकांनी आम्हाला ओपीडीच्या बाकांवर पेशंटमध्ये बसवलं.

"तासभर बसा. मग बोलू."

"काका, काय बघायचं?" कोणीतरी विचारलं.

"बाक टोचतो का ते बघा."

टोचतो. वीस मिनिटांनी चांगलाच टोचतो. शेजारच्या आजींनी मला विचारलं, "तुला काय झालंय रे बाळा?" समोर केतकी वहीत काहीतरी लिहीत होती आणि कानामागे सारखी केस सारत होती. मला काय झालंय ते मला पक्कं माहीत होतं. आजींना म्हटलं, "दाखवायला आलोय." त्या म्हणाल्या, "बरं होईल हो."

दुपारी जवळच्या खानावळीत जेवलो. भरलं वांगं, मऊ पोळ्या, कोशिंबीर, वर पियूष. दोन पियूष मागितलेत तर वाढपी तुमच्याकडे आदराने बघतो. एकच्या आत पोचा, नंतर रांग लागते.

संध्याकाळ मोकळी होती. केतकीच्या आईने लालबागहून मालवणी मसाला आणायला सांगितला होता, तेव्हा वाटाड्या मीच. मार्चमध्ये त्या गल्लीत शिरलात की आधी शिंका येतात, मग दुकानं दिसतात. मिरच्या भाजायचा वास, यंत्रांची धडधड, पोत्यांमधून वाट काढणाऱ्या बायका. केतकी एकदा शिंकायला लागली ती थांबेचना. नाक लाल, डोळ्यांत पाणी, आणि त्यातही दुकानदाराला विचारत होती, "काका, धणे आधी भाजता का मिरची? वेगवेगळं का भाजता?" तिची ही सवयच. समोर जो येईल त्याला विचारायचं.

तिथून करी रोड. आमच्या चाळीच्या मागे आता बत्तीस मजल्यांचा टॉवर आहे, त्यामुळे चारनंतर गॅलरीत ऊन येत नाही. आईला आधी कळवलं नव्हतं. तिने केतकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकदम मालवणीत शिरली.

"इलंस ता बरा झाला गो. जेवन जातलंस मा?"

"नाही काकू, सर वाट बघतायत."

"सरांका सांग, सिद्धेशच्या आवशीन सोडूक नाय." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्येच्या रागाचा काय सांगू तुका! पाळण्यात असताना पाळणो मोडलो ह्येना."

"काकू, कॉलेजात दोन बाक मोडलेत," केतकी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की शेजारच्या मावशी डोकावल्या. बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून आम्ही दादरपर्यंत चालत गेलो. सांगायचं ते आत्ता, असं चारदा वाटलं. चारही वेळा मी तिला रस्त्यातल्या बंद गिरण्यांची माहिती दिली.

दुसरा दिवस परळचा. हॉस्पिटल एवढं मोठं की आत स्वतःचा रस्ता आणि स्वतःचा सिग्नल. वॉर्डाच्या मुख्य परब सिस्टर कडक इस्त्रीच्या होत्या.

"हात मागे! सगळ्यांनी. बघायचं, विचारायचं, शिवायचं नाही. फाईलला तर नाहीच."

मग आम्ही हात पाठीमागे बांधून वॉर्डातून फिरलो. पेशंटांना वाटलं कोणी मोठे साहेब तपासणीला आलेत. एका मावशींनी मला थांबवून उपम्यात मीठ नसल्याची रीतसर तक्रार केली.

आमचं काम असं होतं : घरी सोडायच्या एका पेशंटची फाईल डॉक्टरांच्या सहीपासून फाटकापर्यंत कशी जाते, कुठे किती वेळ थांबते, ते घड्याळ लावून टिपायचं. वॉर्ड, औषधांचा काउंटर, बिलिंग, परत वॉर्ड, मग गेटपास. मला आणि केतकीला मिळाले कणकवलीकडचे सावंत आजोबा. हृदयाचं दुखणं, आता बरे. मुलगा सोबत होता. दोघांना दादरहून दुपारची कोकणची गाडी पकडायची होती.

फाईल अकरा वाजता औषधांच्या काउंटरवर आली आणि तिथेच बसली. आजोबांचा मुलगा तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा त्याने माझ्यासमोर हात जोडले. "साहेब, गाडी चुकली तर बाबांना रात्रभर कुठे ठेवू?"

साहेब! माझं डोकं तापायला एवढं पुरे. केतकी काउंटरवर काहीतरी बोलून घाईने वर परब सिस्टरांच्या खोलीत गेली होती. काउंटरवरची फार्मसिस्ट पाठ करून फोनवर होती. चाळीस मिनिटं झाली होती. मी हात पुढे केला, फाईल उचलली आणि बिलिंगच्या खिडकीत ठेवली.

"फार्मसी झाली?" आतल्या क्लार्कने विचारलं.

"झाली," मी म्हणालो.

माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं, अंगावर पांढरा कोट होता. त्याने विश्वास ठेवला. बारा मिनिटांत बिल, वॉर्डातल्या नव्या नर्सची सही, गेटपास. सावंत आजोबा टॅक्सीत बसले, मुलाने मला मिठी मारली. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. केतकी परब सिस्टरांजवळ उभी होती.

"बारा मिनिटांत, केतकी! चाळीस मिनिटं जे रखडलं होतं ते बारा मिनिटांत!"

तिचा चेहरा पांढरा पडला. "फाईल कुठे आहे?"

तिने काउंटरवर विचारलं होतं. फाईल रखडली नव्हती, मुद्दाम थांबवलेली होती. आजोबा गावच्या डॉक्टरची रक्त पातळ करायची एक गोळी घेत होते आणि इथे त्याच कामाची दुसरी सुरू झाली होती. दोन्ही एकदम घेतल्या तर आतल्या आत रक्तस्राव व्हायची भीती. जुनी बंद करायची आहे ना, एवढं विचारायला फार्मसिस्ट डॉक्टरांचा फोन लावत होती आणि डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. फाईलमध्ये तशी चिठ्ठी लावलेली होती. मी फाईल उघडलीच नव्हती.

आजोबांच्या मुलाचा फोन बंद. परब सिस्टर एवढंच म्हणाल्या, "गोळी जेवणानंतरची आहे. पळा."

पळालो. टॅक्सी हिंदमातापर्यंत आली आणि थांबली. लग्नाच्या बस्त्याची गर्दी, रस्त्याच्या मधोमध साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेली माणसं. आम्ही उतरलो आणि धावत सुटलो. स्टेशनाच्या पुलावरून केतकीनेच पहिल्यांदा पाहिलं. फलाटाच्या टोकाला, बाकावर, मांडीवर वर्तमानपत्र पसरून सावंत आजोबा चपाती-भाजी खात होते. शेवटचा घास होता. शेजारी मुलगा औषधांची पिशवी उघडत होता, गावाहून आणलेल्या जुन्या गोळ्या आणि वॉर्डातून मिळालेल्या नव्या, सगळ्या एकत्र.

आम्हाला बघून आजोबांना आनंदच झाला. "पोचवूक इलात? बरा झाला. ही दोनय घेवची मा रे, झिला?"

मला दम लागला होता. केतकी खाली बसली, गुडघे टेकून. फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून परब सिस्टर : "आजोबा, जुनी बंद, नवी चालू. आता मला सांगा, कुठली बंद?" आजोबा चुकले. केतकीने जुनी पट्टी बाजूला काढली आणि पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी त्यांनी बरोबर सांगितलं, मग मुलाकडूनही वदवून घेतलं. गाडी लागली. हलेपर्यंत आजोबा खिडकीतून हात हलवत होते, कारण काय घडता घडता राहिलं हे त्यांना कळलंच नव्हतं.

परत येताना आम्ही चालत आलो.

"तू विचारलं का नाहीस, सिद्धेश?"

"केतकी, तो माणूस हात जोडत होता! आणि ती बाई फोनवर..."

"कोणाशी बोलतेय, एवढं तरी विचारायचं."

"सगळ्यांनी तुझ्यासारखं नुसतं विचारत बसायचं का?"

हे बोललो आणि त्याच क्षणी वाटलं, जीभ तोडून टाकावी. ती पुढे चालायला लागली. हिंदमातापासून परळपर्यंत मी तिच्या दहा पावलं मागे होतो.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या सातव्या मजल्यावर समारोप होता. (स्वेटर न्या, एसी भयंकर असतो.) टेबलाच्या टोकाला हॉस्पिटलच्या संचालक मॅडम बसल्या होत्या. सबंध आरोग्यक्षेत्रात ज्यांचा शब्द चालतो अशा. सुती साडी, हळू आवाज. त्यांच्यासमोर आमच्या गटाचा कागद होता आणि त्यावर सही एकच, गटप्रमुख म्हणून केतकीची.

"बिलिंगचा माणूस म्हणतो, तुमच्या कॉलेजच्या कोणीतरी सांगितलं. फाईल कोणी उचलली?"

केतकी उभी राहिली. "आमच्या गटाने, मॅडम. जबाबदारी माझी."

सर लगेच म्हणाले, "हो, गटाचीच चूक आहे. आम्ही तसं लिहून देतो." पुढच्या वर्षीची व्हिजिट बंद होऊ नये ही त्यांची काळजी, चुकीची नव्हती. पण तसं लिहिलं की केतकीची जागा गेली, हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं.

मी उठलो. "गटाने नाही. मी उचलली. फार्मसी झाली असं खोटंही मीच सांगितलं. हिने विचारलं होतं, हिला माहीत होतं. फलाटावर आजोबांना वाचवलं तेही हिनेच."

मॅडमनी चष्मा काढला. "बसा. सविस्तर सांगा. आम्हाला यातूनच शिकायचं असतं."

इथे बसायचं होतं. आज शंभरदा कळतं. पण सर दबक्या आवाजात म्हणाले, "बस खाली, तमाशा करू नकोस," आणि माझं डोकं सटकलं. चाळीस मिनिटं त्या माणसाला कोणी एका शब्दाने का सांगितलं नाही, तो हात जोडत हिंडतोय हे कोणाच्या कागदात टिपलंय, असलं काय काय मी बोललो. त्यातलं थोडं खरं होतं. आवाज मात्र सगळाच चुकीचा होता.

ती जागा केतकीला मिळाली. मी परत नाशिकला गेलो नाही. आता एका लॅबचे रक्ताचे नमुने स्कूटरवरून पोचवतो, गिरगाव ते दादर, दिवसातून दोन फेऱ्या. परळच्या त्या इमारतीत मागच्या दाराने जातो, डबा खिडकीत ठेवतो आणि काही बोलायच्या आधी विचारतो, "ताई, थांबू का?" केतकी कधी दिसते, लांबून, हात मागे बांधून, मागे नव्या पोरांची रांग. आई अजून विचारते, "ता चेडू खंय रे?" मी म्हणतो, इथेच आहे, जवळच. समारोपाच्या संध्याकाळी केतकीचा एकच मेसेज आला होता : "तू खाली बसला असतास तर बरं झालं असतं." उत्तर मी पुष्कळदा लिहिलं, पाठवलं एकदाही नाही. लालबागच्या गल्लीतून गेलो की अजून शिंक येते आणि शेजारी कोणीतरी शिंकतंय असं वाटतं. तीन दिवसांतलं माझ्याकडे राहिलं ते एवढंच. तुम्ही जाल तेव्हा बाकावर बसा, पियूष प्या आणि समोर जो असेल त्याला विचारा.

हे शहाणपण नंतरचं. त्या दिवशी मी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. केतकी हळूच म्हणाली, "सिद्धेश, नको." मी बाहेर पडलो आणि दार जोरात आपटलं. पण हॉस्पिटलची दारं आपटत नाहीत. वरच्या स्प्रिंगच्या दांड्यावर ते मध्येच अडलं आणि सावकाश, आपल्या गतीने मिटायला लागलं. फटीतून ती दिसत होती, अर्धी उठलेली. दार आपोआप मिटेपर्यंत थांबलो असतो, तर ती बाहेर आली असती. मी वळलो, दोन्ही हात लावले आणि जोर देऊन ते बंद केलं.